स्वयंपाकघरात उंदीर शिरलाय. पिंजरा, औषध की आणखी काही?

तिसरा_मजला

मंडळी, जरा मदत हवी आहे. ओट्याखालच्या कपाटात रोज सकाळी काळ्या लेंड्या सापडतात. पुसून काढलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. रात्री पाणी प्यायला उठून दिवा लावला की शेगडीमागून काहीतरी सुळकन फ्रिजखाली जातं. बिस्किटांचा न उघडलेला पुडा कोपऱ्यातून पोखरला आणि हात पुसायच्या फडक्याची एक कड पार पिंजून टाकली.

प्लगमध्ये लावायचं ते आवाजाचं यंत्र आणलं. त्याचा निळा दिवा छान लागतो, पण उंदीर जसाच्या तसा. घरात रांगणारं बाळ आहे, म्हणून विषाची भीती वाटते. नवरा म्हणतो, "एकच तर आहे, जाईल आपोआप." सासूबाई म्हणतात मांजर आणा. मला मारायचं जिवावर येतं, पण ठेवून घ्यायचाही नाहीये. काय करू?

कोरा_कागद

मांजर. विषय संपला.

तिसरा_मजला

भाड्याचं घर आहे, मालक प्राणी ठेवू देत नाहीत. नाहीतर सासूबाईंनी एव्हाना आणलंही असतं.

फिरकीबाज

फार काही बिघडलं नाही. आमची मनीमाऊ बाहेरून जिवंत उंदीर तोंडात धरून आणते, दिवाणखान्यात सोडते आणि आमच्याकडे बघत बसते. पुढचं काम आमचं.

निशाचर

फिरकीबाज, हसण्यावारी नेऊ नका, हे खरंच आहे. शिकारीचा नाद असलेलं मांजर वेगळं आणि ताटलीत वेळेवर खाणं मिळणारं वेगळं. न्यूयॉर्कमध्ये एका कचरा पुनर्वापर केंद्रात संशोधकांनी कॅमेरे लावून भटकी मांजरं आणि मोठे उंदीर यांच्यावर नजर ठेवली होती. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ७९ दिवसांच्या चित्रणात मांजरांनी मारलेले उंदीर किती, तर दोन. मांजरं दिसली की उंदीर लपायचे, एवढंच. तिथले उंदीर आकाराने मोठे होते हे खरं, लहान उंदरांच्या मागे मांजर जास्त आवडीने लागतं. पण "मांजर आणलं की सुटलो" असं कुणी समजू नये.

जाळीवाला

ताई, उपाय सांगण्याआधी दोन-तीन प्रश्न. मी कीड नियंत्रणाच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, गोदामं आणि घरं दोन्ही. लोक थेट औषध विचारतात आणि घरात नक्की कोण आहे हेच माहीत नसतं.

लेंडी केवढी आहे? तांदळाच्या दाण्याएवढी आणि टोकदार, की चांगली बोटाच्या पेराएवढी जाड? कपाटात उग्र कस्तुरीसारखा वास येतो का? रात्री चिक्-चिक् असा आवाज करत भिंतीच्या कडेने काही पळतं का?

तिसरा_मजला

तांदळाच्या दाण्याएवढी, टोकाला निमुळती. वास आहे पण कस्तुरीसारखा नाही, कोंदट लघवीसारखा. चिक्-चिक् ऐकलं नाही, कुरकुर ऐकू येते.

जाळीवाला

मग हा घरातला लहान उंदीर. चिचुंद्री असती तर पुडा कुरतडला नसता. ती किडे खाते आणि उंदीर कुळातलीही नाही. बरेच लोक तिच्यासाठी धान्य लावून पिंजरा ठेवतात आणि ती येत नाही म्हणून चकित होतात. घूस किंवा मोठा उंदीर असता तर लेंडी दीड सेंटिमीटरच्या आसपास दिसली असती. हे ओळखणं महत्त्वाचं, कारण दोघांचे स्वभाव उलटे आहेत. मोठा उंदीर नव्या वस्तूला बुजतो, त्याच्यासाठी पिंजरा काही दिवस न लावता नुसता खाऊ घालून ठेवावा लागतो. लहान उंदीर चौकस, नवीन काही दिसलं की हुंगायला येतोच. म्हणजे तुमचं काम त्या मानाने सोपं आहे.

आता "एकच तर आहे" बद्दल. एक उंदीर दिवसाला पन्नास ते पंचाहत्तर लेंड्या टाकतो, त्यामुळे नुसत्या लेंड्या मोजून किती आहेत ते कळत नाही. पण मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं, आणि व्यायल्यावर दिवस-दोन दिवसांत पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननाला तयार. तेव्हा "जाईल आपोआप" म्हणून वाट बघायची असेल, तर निदान वाट बघण्याचा अर्थ काय होतो हे साहेबांना सांगा.

आज रात्री एवढंच करा. टाल्कम पावडर घ्या, फ्रिजच्या कडेने, शेगडीमागे, सिंकखाली आणि दाराच्या उंबऱ्याशी पातळ थर भुरभुरवा. हातभर पट्टा पुरे. बाळ रांगतं तिथे नको. सकाळी मोबाईलचा टॉर्च जमिनीला समांतर धरून तिरक्या उजेडात बघा. काय दिसतं ते इथे लिहा. तोवर काही विकत घेऊ नका.

आजीचा_बटवा

इतकं कशाला? पुदिन्याच्या तेलाचे बोळे ठेवा, नाहीतर डांबराच्या गोळ्या. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच.

औषधी_कोपरा

डांबराच्या गोळ्यांना माझा सक्त विरोध, विशेषतः या घरात. नॅफ्थलीनची वाफ घरभर पसरते, आणि जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्याने तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. अशी कमतरता आहे हे कित्येक घरांना माहीतही नसतं. शिवाय रांगणाऱ्या बाळाला पांढरी गोल गोळी म्हणजे खाऊच वाटणार.

पुदिन्याच्या तेलाने बिघडत काही नाही, पण भूक लागलेला उंदीर वासाला फार दिवस घाबरत नाही. बोळा सुकला की तेही गेलं.

आजीचा_बटवा

बाळाचं लक्षात आलं नाही माझ्या. गोळ्या नकोच मग. बोळ्यांवर मी ठाम आहे.

हिशेबी

आवाजाच्या यंत्राबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तो अतिउच्च आवाज भिंतीतून जात नाही, कपाटाचं दार किंवा सोफा मध्ये आला तरी अडतो. मोकळ्या जागेत पहिले काही दिवस उंदीर बिचकतात, मग सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा दाखवा. तिसरा_मजला, तुमचा निळा दिवा रात्रीच्या दिव्यासाठी ठेवा, त्या कामाला उत्तम आहे.

सरळसोट

काय मंडळी चर्चा करताय! औषधाच्या वड्या आणायच्या, कोपऱ्यात टाकायच्या. उंदीर खातो, तहान लागते, पाणी शोधत घराबाहेर जातो आणि बाहेरच मरतो. हात लावायची गरज नाही.

जाळीवाला

सरळसोट, ही बाहेर जाऊन मरण्याची गोष्ट पाकिटावरही छापलेली असते आणि तरीही ती खोटी आहे. वड्यांमधलं विष बहुतेक वेळा रक्त गोठू न देणाऱ्या गटातलं असतं, ब्रोमॅडिओलोन किंवा ब्रोडिफॅकम. त्याने उंदराला अंतर्गत रक्तस्राव होतो आणि तो तीन ते सात दिवसांत मरतो. मधल्या काळात अशक्त होऊन तो जातो कुठे, तर आपल्या बिळात. बीळ भिंतीत, फॉल्स सिलिंगवर, फ्रिजच्या मोटरमागे. घरातल्या उंदराला पाणी वेगळं शोधावंही लागत नाही, खाण्यातल्या ओलाव्यावर त्याचं बरंच भागतं.

मग पुढचे दहा-पंधरा दिवस घराला जो वास येतो, त्यासाठी मला कितीतरी घरांतून फोन आले आहेत. "उंदीर वाळून जातो, वास येत नाही" हीसुद्धा त्याच पाकिटावरची गोष्ट.

औषधी_कोपरा

यात भर घालते. हा गट म्हणजे वॉरफेरिनचे भाऊबंद. वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि पुढे तेच रेणू माणसांना रक्त पातळ ठेवण्यासाठी गोळीतून द्यायला लागले. उंदरांच्या काही जातींनी त्याला दाद देणं सोडलं, म्हणून नंतरची विषं जास्त तीव्र आणि शरीरात जास्त काळ टिकणारी केली गेली. उतारा आहे, जीवनसत्त्व के-वन, पण उपचार कित्येक आठवडे चालू शकतो. विष खाल्लेला उंदीर पोटात गेला तर घुबड किंवा मांजरही मरू शकतं.

झिंक फॉस्फाइडची काळी पूड याहून भयंकर. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्याला उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्टही तशीच. खाल्लेला माणूस पहिले एक-दोन दिवस बरा वाटतो, घरचे निश्चिंत होतात, आणि मग यकृत निकामी होतं. असं काही मुलाच्या तोंडात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट बघायची नाही. उलटी करवायची नाही, दूध पाजायचं नाही. पाकीट हातात घेऊन थेट रुग्णालय.

सरळसोट

मान्य, लहान मूल असलेल्या घरात नको. पण गोदामात, शेतघरात तुम्ही काय उंदरांशी गप्पा मारणार का?

जाळीवाला

तिथे मीही विष वापरतो. कुलूप लागणाऱ्या डब्यात, डबा जमिनीला घट्ट बसवून, नोंद ठेवून. सुट्या वड्या कपाटामागे फेकणं ही वेगळी गोष्ट. उंदीर वडी उचलून दुसरीकडे नेतो आणि ती कुठे पडेल ते तुमच्या हातात राहत नाही.

तिसरा_मजला

पावडर टाकली होती. जे दिसलं ते सांगते.

उंबऱ्याजवळचा पट्टा कोरा. शेगडीमागे नुसता गोंधळ, पावडर पार विस्कटलेली. फ्रिजच्या कडेने मात्र स्वच्छ उमटलंय. पुढच्या पायांचे चार बोटांचे इवलेसे ठसे, मागच्यांचे जरा लांबट पाच बोटांचे, आणि मधून शेपटीची बारीक रेघ, कुठे उमटलेली, कुठे तुटलेली. सगळे भिंतीला लागून, मधोमध एकही नाही. आणि सिंकखाली ठसे थेट मागच्या भिंतीकडे जातात. तिथे सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो, त्याभोवती एक प्लास्टिकची चकती आहे. ती सरकवली तर मागे भोक पाइपापेक्षा चांगलं मोठं, आणि कडेच्या प्लास्टरवर काळपट तेलकट डाग. मी इतकी वर्षं ती चकती पुसतेय, मागे काय आहे ते आज पाहिलं.

जाळीवाला

अगदी हेच हवं होतं. तो काळपट डाग म्हणजे अंगाचं तेल आणि मळ. रोज त्याच कडेला अंग घासत गेल्याने होतो. म्हणजे हा त्यांचा रुळलेला रस्ता आहे, आणि पाइप ज्या उभ्या डक्टमधून जातात त्यातून वरखालच्या घरांतूनही येत असणार.

उंदराची नजर अधू असते. तो मिशांनी आणि अंगावरच्या लांब केसांनी भिंत चाचपत चालतो, म्हणून तुमचा मधला भाग कोरा राहिला. सापळा कुठे ठेवायचा ते यातच आलं. लोक पिंजरा स्वयंपाकघराच्या मध्यभागी ठेवतात आणि म्हणतात उंदीर हुशार आहे. तो हुशार नाही, तिकडे फिरकतच नाही.

भोक आत्ताच बुजवू नका. आधी जे आत आहेत त्यांना पकडा. नाहीतर ते घरातच कोंडले जातील, पिल्लं भिंतीत मरतील, किंवा दुसरीकडून नवी वाट कुरतडतील. घराच्या बाहेरच्या बाजूची भोकं असतील तर ती मात्र लगेच बंद करायला हरकत नाही.

मोरपीस

ग्लू पॅड लावा, सोपं आहे. चिकटला की पुठ्ठ्यासकट कचऱ्यात.

निशाचर

मोरपीस, तो चिकटलेला उंदीर तासन्‌तास जिवंत असतो. ओरडतो, सुटायला स्वतःचा पाय कुरतडतो, भीतीने आणि तहानेने मरतो. आणि कचऱ्यात टाकला तर तिथेही जिवंतच. इंग्लंडमध्ये २०२४ च्या जुलैपासून परवाना नसलेल्याला ग्लू पॅड लावता येत नाही, वेल्सने त्याआधीच २०२३ मध्ये पूर्ण बंदी घातली. उगाच नाही.

मोरपीस

उंदराला मारायचंच आहे तर कसा मरतो याने काय फरक पडतो?

निशाचर

त्याला पडतो.

औषधी_कोपरा

आणि घाबरलेला उंदीर त्या पुठ्ठ्यावर भरपूर लघवी करतो. तो पुठ्ठा तुम्ही हाताने उचलणार. आरोग्याच्या बाजूनेही मला तो प्रकार पसंत नाही. कुणाच्या घरी पाल, पाखरू किंवा मांजराचं पिल्लू चिकटलं असेल तर ओढू नका. खाण्याचं तेल हळूहळू चोळलं की गोंद सुटतो.

तिसरा_मजला

ग्लू पॅड नको. पिंजऱ्यात जिवंत पकडून लांब सोडला तर?

जाळीवाला

जरूर, पण तीन गोष्टी समजून करा. एक, पिंजरा सकाळ-संध्याकाळ बघावाच लागतो. लहान उंदीर दिवसाला तीन-चार ग्रॅमच खातो, पण त्याच्या अंगात साठा नसतो. पिंजऱ्यात विसरलात तर उपाशी मरतो, आणि ती दया उरत नाही. दोन, इमारतीच्या मागच्या कुंपणाशी सोडलात तर तुमच्याआधी तो घरी पोचेल. तीन, लांब अनोळखी जागी सोडलेला घरातला उंदीर बहुतेक वेळा फार जगत नाही. खाणं कुठे, लपायचं कुठे, काहीच माहीत नसतं. दुसऱ्याच्या दारात तर सोडूच नका.

माझं मत विचाराल तर चांगला चाप. स्प्रिंगचा, लाकडी किंवा जाड प्लास्टिकचा. १८९४ मध्ये विल्यम हूकर नावाच्या अमेरिकन माणसाने ज्या रचनेचं पेटंट घेतलं, थोड्याफार फरकाने तीच अजून चालते. नीट बसला तर क्षणात मान मोडते. स्वस्तातला, ढिल्या स्प्रिंगचा मात्र घेऊ नका, तो अर्धवट पकडतो आणि ते सगळ्यात वाईट.

तिसरा_मजला

मन घट्ट करते. लावायचा कसा ते सांगा. आणि आत काय ठेवू? चीज?

जाळीवाला

चीज चित्रांमध्ये. उंदराला धान्य, तेलबिया, गोड असलं काही जास्त आवडतं. दाण्याचं कूट किंवा पीनट बटर, वाटाण्याएवढं, त्याहून जास्त अजिबात नको. ढीग ठेवला तर तो कडेने चाटून निघून जातो आणि चाप तसाच. सुका दाणा लावणार असाल तर खटक्याला दोऱ्याने बांधा, म्हणजे त्याला ओढावं लागेल. गाभण मादीला घरट्यासाठी सामान हवं असतं, म्हणून एखाद्या चापावर खाऊऐवजी कापसाचा छोटा पुंजका बांधून बघा. तुमचं फडकं कुणी पिंजलंय ते विसरू नका.

चाप भिंतीला काटकोनात, खाऊची बाजू भिंतीकडे. भिंतीला समांतर ठेवायचे तर दोन, पाठीला पाठ लावून, म्हणजे कुठल्याही बाजूने आला तरी खटका आधी लागेल. आणि एक लावून वाट बघू नका. घरातला उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, बहुधा दहा मीटरच्या आत, पण तेवढ्यात रात्रभरात वीस-तीस ठिकाणी तोंड मारतो. तुमच्या स्वयंपाकघरात पहिल्याच रात्री पाच-सहा चाप हवेत. सिंकखाली दोन, फ्रिजच्या दोन्ही बाजूंना, शेगडीमागे. पहिली रात्र महत्त्वाची.

बाळासाठी: चाप फक्त रात्री, ओट्याखालच्या कपाटाला बाहेरून अडसर, फ्रिजपाशी ठेवायचे ते बुटाच्या खोक्याखाली. खोक्याला दोन्ही टोकांना भिंतीलगत छोटी भोकं पाडा आणि वर जड काहीतरी ठेवा. उंदराला बोगदा आवडतोच. सकाळी बाळ उठायच्या आत सगळं उचलायचं.

फिरकीबाज

खोक्याची कल्पना फक्कड. मनीमाऊसाठीही करतो एक, ती त्यात बसून उंदराची वाट बघेल.

कोरा_कागद

आणि त्या काळात खाणं झाकून ठेवा. चापावरचा दाणा आणि शेजारी उघडी धान्याची पिशवी, तो दाण्याकडे कशाला बघेल?

हिशेबी

+१. पातळ प्लास्टिकचे डबे तो पोखरतो. काच किंवा स्टील. कुत्र्यामांजरांचं खाणं रात्रभर ताटलीत राहतं, पक्ष्यांसाठी गॅलरीत दाणे टाकले जातात, मिक्सरखाली पीठ सांडलेलं असतं, हे कुणी धरतच नाही. तीन ग्रॅममध्ये ज्याचं भागतं त्याला शेगडीखालचं सांडलेलंही पुरतं.

पानगळ

धागा वाचून आमचंही सांगते. आमच्याकडे धुलाई यंत्र अचानक बंद पडलं. दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं तर वायरीचं वरचं आवरण सोललेलं, आत तांबं उघडं. उंदराला वायर का आवडते?

जाळीवाला

आवडते असं नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, कठीण काही कुरतडून ते झिजवावे लागतात. यंत्राची मोटर ऊबदार, खालून मोकळं, लपायला अंधार, आणि वायर दातांच्या बरोबर उंचीवर. गाडीच्या बॉनेटखाली तेच. उघड्या वायरीने आग लागू शकते, म्हणून असं यंत्र पाहिल्यावर आधी प्लग काढा, मग बघा.

तिसरा_मजला

सकाळची बातमी. सिंकखालच्या दोन्ही चापांत एकेक, आणि कापूस बांधलेल्यातही एक. म्हणजे "एकच तर आहे" निकालात. नवरा गप्प आहे. त्यानेच उचलले, मी दुसऱ्या खोलीत होते.

आता हे कपाट साफ कसं करू? सगळं झाडून काढू का?

औषधी_कोपरा

झाडू नका! व्हॅक्यूमही नको. सुकलेल्या लेंड्या आणि लघवी झाडली की बारीक धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. काही देशांतल्या रानउंदरांमधून हंता विषाणू असाच पसरतो. घरातल्या उंदरातून साल्मोनेला, लेप्टोस्पायरा हे जिवाणू आणि एल-सी-एम नावाचा विषाणू येऊ शकतो. हा शेवटचा गरोदर बाईच्या बाळाला घातक असतो, तेव्हा घरात कुणी गरोदर असेल तर तिने या कामाला हात लावायचा नाही.

खिडक्या उघडून अर्धा तास खोलीबाहेर थांबा. रबरी हातमोजे, तोंडाला मास्क. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, ताजं बनवलेलं. लेंड्यांवर आणि डागांवर ते चांगलं भिजेल इतकं टाका, पाच मिनिटं थांबा, मग कागदी रुमालाने टिपून पिशवीत. पिशवीला गाठ, वर दुसरी पिशवी. मग ती जागा पुन्हा पुसा. ब्लीचमध्ये आम्ल असलेलं फरशीचं द्रावण कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. मेलेला उंदीर चापासकट आधी भिजवून मगच उचला. कुरतडलेलं खाणं निम्मं वाचवण्याचा प्रयत्न नको, सगळं फेका. हे लिहून ठेवा, कारण नवरोबांनी काल मोजे घातले होते की नाही ते मी विचारत नाहीये.

तिसरा_मजला

घातले होते. ओव्हनचे. ते फेकले.

पानगळ

ताई, मला घाईचा प्रश्न आहे. भाऊ वड्या टाकून गेला होता, आता न्हाणीघराच्या भिंतीतून वास येतोय. भिंत फोडू का?

जाळीवाला

आधी जागा नक्की करा. वास सगळीकडे सारखा वाटतो, पण भिंतीला नाक लावत गेलात तर एका ठिकाणी झटका बसतो. मोठ्या निळ्या माश्या जिथे घोटाळतात तिथे जवळच असतो. स्विचचं खोकं किंवा पाइपाचं झाकण उघडून हात पोचत असेल तर काढा, वीज बंद करून. पोचत नसेल तर भिंत फोडण्याआधी थोडी कळ काढा. उंदीर लहान असेल तर आठवडा-दोन आठवड्यांत वास ओसरतो. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेने, कोळशाची परडी. सुगंधी फवारे मारू नका, दोन वास मिळून तिसरा तयार होतो. आणि उरलेल्या वड्या आजच गोळा करा, मोजून.

तिसरा_मजला

आमच्याकडे त्यानंतर फ्रिजपाशी आणखी एक लहान पिल्लू सापडलं, मग काही नाही. चाप रिकामे, पावडर कोरी. भोक बुजवू का? प्लंबर म्हणाला फोम मारून देतो, पाच मिनिटांचं काम.

जाळीवाला

नुसता फोम नको! उंदीर तो पाव खाल्ल्यासारखा खातो आणि त्याच पोकळीत घरटं करतो. भोकात आधी स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी किंवा तांब्याच्या तारेची गुंडी घट्ट दाबून भरा, मग वरून सिमेंट किंवा सीलंट. भांडी घासायची साधी लोखंडी घासणी तात्पुरती चालते, पण सिंकखाली ओल असते, ती गंजून भुगा होते. पाइप गळत असेल तर आधी तो दुरुस्त करा. चकती शेवटी लावा, शोभेला.

मग एक पेन्सिल घ्या आणि घरभर फिरा. जिथे पेन्सिल शिरते तिथे लहान उंदीर शिरतो. सहा-सात मिलिमीटरची फट त्याला बास, डोकं गेलं की बाकीचं अंग मागून ओढून घेतो. एसीचा पाइप, केबलचं भोक, गॅसची नळी, ओट्याची लाकडी पट्टी जिथे भिंतीला टेकत नाही ती जागा, दाराखालची फट. दाराला रबरी पट्टीपेक्षा धातूची कड असलेली घ्या. फरशीवरच्या मोरीची जाळी सहा मिलिमीटरहून बारीक आहे का बघा. आणि जमिनीलगतच थांबू नका, खरबरीत भिंत तो सहज चढतो.

सरळसोट

आणि वरच्या-खालच्या घरात उंदीर असतील तर? हिने भोक बुजवलं की ते शेजाऱ्याकडे जाणार.

जाळीवाला

जाणारच. म्हणून पाइपांचा डक्ट खाली आणि गच्चीवर जाळीने बंद करून घेणं हे इमारतीचं काम, एका घराचं नाही. सोसायटीत विषय काढा आणि पावडरीतल्या ठशांचे फोटो दाखवा. "उंदीर झालेत" म्हटलं की सगळे माना डोलावतात, फोटो पाहिला की खर्चाला मंजुरी मिळते.

तिसरा_मजला

फोटो आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना दाखवला, तर त्या म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे तर दिवाळं काढलंय त्यांनी, मी लाजेने बोलले नाही." आता आम्ही दोघी मिळून अर्ज देतोय.

जाळी आणि सिमेंट भरून झालं. मालकांनी पैसे द्यायचं कबूल केलंय, कारण ओव्हरफ्लोच्या पाइपामागेही तसंच भोक निघालं आणि ते त्यांनीच कधीतरी पाडून घेतलं होतं. चाप आता काढून टाकू का?

जाळीवाला

इतक्यात नको. सिंकखालचे दोन अजून दोनेक आठवडे राहू द्या, खाऊ दर दोन-तीन दिवसांनी बदला, शिळ्याला वास राहत नाही. पावडरचा पट्टा पुन्हा टाका. तेवढे दिवस ठसा आणि लेंडी दोन्ही नाही, तर आत कुणी उरलेलं नाही असं धरा. मग चाप धुऊन वाळवून ठेवा. पाऊस किंवा थंडी सुरू झाली की बाहेरचे पुन्हा आडोसा शोधतात, त्या सुमाराला एकदा पेन्सिल फिरवा.

फिरकीबाज

जाळीवाले, मनीमाऊने आज पुन्हा एक जिवंत आणलाय. तो आता आमच्या धुलाई यंत्राखाली आहे. पाच-सहा चाप म्हणालात ना? आणि माऊचा पंजा अडकला तर?

जाळीवाला

माऊला दुसऱ्या खोलीत बंद करा, यंत्राचा प्लग काढा आणि चापाऐवजी पिंजरा लावा. भिंतीलगत, तोंड यंत्राकडे. एकच आहे, नवखा आहे, दाणा ठेवलात तर बहुधा आज रात्रीच येईल.